गजानन गोल सोडून बाहेर का आला

विहीणबाई, एक-एक. बरोबरीत सुटली. टीम राहिली, खाली गेली नाही.

एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. दहाव्याला नदीकाठी, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगायचं होतं. तोंडाशी आलं आणि मी गिळलं. आता लिहायला बसले आहे तर आधी तेच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा गिळायला नको.

मीनल म्हणाली, "आई, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात सासूबाईंवर तू लिही. तुझ्याइतकं त्यांच्याजवळ कोणी बसलेलं नाही." बसलेलं म्हणजे बाकावर, हे तिला कुठे माहीत. तिला वाटायचं, दोघी म्हाताऱ्या बाळाला गाडीत घालून नदीकाठी हवा खायला नेतात आणि वाटेत कॉलेजची पोरं खेळताना दिसली तर जरा टेकतात. आपणही तिला तसंच वाटू दिलं. तुमचं माहेर, तुमचं शिक्षण, तुमच्या हातची चव, हे लिहिणारे पुष्कळ निघतील. मी सातवीत शाळा सुटलेली बाई, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. मला आपलं जे दिसलं ते लिहिते. आणि मला तुम्ही दिसलात त्या मैदानावर. त्याआधी सात वर्षं आपण विहिणी होतो, पण मी तुम्हाला पाहिलं नव्हतं.

खरंच नव्हतं हो. लग्नात तुमचे पाय धुताना माझी नजर तुमच्या पावलांवर होती. पाणी फार गार तर नाही, साडी पसंत पडेल ना, रुसवा निघणार नाही ना. मुलीच्या आईला विहीण दिसत नाही, विहिणीचा मान तेवढा दिसतो. मग रेवा झाली, तुम्ही कोल्हापूरहून फोन करायचात, मी नाशकाहून करायची, तेही सणावाराला आणि ठरल्या शब्दांत.

मग मीनलच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी इथे जर्मनीत नेकारसुल्मला आले, आणि नातवाच्या बारशाला तुम्ही आलात. दोघींचा व्हिसा तीन-तीन महिन्यांचा. घर केवढं, तर दोन खोल्यांचं वोनुंग, म्हणजे फ्लॅट. तुमचे प्रसादराव मोटारींच्या कारखान्यात, मीनल बाळात अडकलेली, आणि बाथरूमच्या दाराशी आपण दोघी. "तुम्ही आधी." "छे छे, तुम्ही आधी." "अहो असं कसं, मान तुमचा." तेवढ्यात रेवा आपल्या मधून आत जायची आणि खाट्कन कडी लावायची. आठवतं? मला वाटलं होतं, तीन महिने असेच दाराशी उभं राहून जाणार.

तो पहिला शनिवार. आदल्याच उन्हाळ्यात इथे वर्ल्ड कप होऊन गेलेला, अजून काही गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे होते. आपण बाळाची गाडी ढकलत नदीच्या कडेने निघालो. मैदानावर हॉखशूलेची, म्हणजे इथल्या कॉलेजची, पोरं खेळत होती. बघायला एक माणूस, एक कुत्रा आणि दोन-तीन पोरी. तुम्ही म्हणालात, "थांबा जरा." मला वाटलं गुडघा दुखतोय. तुम्ही बाकावर बसलात, पदर नीट केलात, आणि थोड्या वेळानं एकदम उभ्या राहिलात. "अरे दे की पास! एकटाच काय नाचालायस!"

मी इकडे-तिकडे बघितलं. वाटलं, आता कोणीतरी पोलिसाला बोलावणार.

"काय वो विहीणबाई," तुम्ही मला म्हणालात, "तुमच्या नाशकात फुटबॉल खेळत न्हाईत?"

"खेळत असतील. आम्ही कुठे बघतो."

"आम्ही तरी कुठं बघितला? गच्चीवरनं."

मग तुम्ही सांगितलंत. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम, तालमीतालमीची टीम, मॅचच्या दिवशी दुकानं ओस. तुमचा धाकटा भाऊ तालमीच्या टीमचा गोलकीपर. पण बायकांनी मैदानात जायचं नाही. तुम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून, लांबून, मुंगीएवढी पोरं बघायचात. लग्न झालं, तर सासरची पेठ दुसरी, तिथली टीम दुसरी, आणि सासरच्या गच्चीवरून मैदान दिसायचंच नाही. "ह्या वयात मैदानाच्या कडंला बसले," तुम्ही म्हणालात, "आणि ते पण लाल पँटवाल्या गोऱ्या पोरांसाठी. बाबा असते तर तंगडी मोडली असती माझी."

त्या दिवशी आपली टीम हरली. तुम्ही घरी येताना म्हणालात, "टीम वाईट न्हाई. ह्यास्नी कोण सांगणारं न्हाई." आणि झालं. ती आपली टीम झाली.

मला कुठे काय कळत होतं. मी आधी फक्त नावं ठेवायची. तो लांब तंगड्यांचा सात नंबरवाला, त्याला मी टोळ म्हटलं. कॅप्टन सारखा पंचाशी हुज्जत घालायचा, तो वकील. आणि गोलात उभा असायचा तो गुबगुबीत, सोनेरी केसांचा, चेंडू नसला की पोट खाजवणारा, त्याला तुम्ही हात जोडलेत. "हा आमचा गजानन." त्याचं खरं नाव योनास का काहीसं होतं, मैदान राखणाऱ्या हेर कोल्बनी, हेर म्हणजे इथलं श्रीयुत, सांगितलं होतं. पण गजाननच राहिलं. रेवानं आपल्याला "टोर!" ओरडायला शिकवलं, गोल झाला की इथे तसं ओरडतात. तुम्हाला ते पटलं नाही. "टोर काय टोर, पोटातनं येत न्हाई." तुम्ही "गोऽऽल" म्हणूनच ओरडायचात, आणि बाळ दचकून रडायचं.

आणि भडंग. तुम्ही कोल्हापूरहून आणलेलं ते तिखट भडंग आपण पुरवून पुरवून शनिवारी न्यायचो. हेर कोल्बना मूठभर दिलंत तर त्यांचे डोळे भरून आले, शिट्टीसारखा श्वास घेतला, आणि पुढच्या शनिवारी स्वतःहून ओंजळ पुढे केली. आपल्या हातून सांडायचं ते टिपायला कावळे यायचे. इथले कावळे कसे थोराड, काळेभोर, गळ्याशी राखाडी नाही. ते थेट आपल्या चपलांपर्यंत यायचे. तुम्ही म्हणायचात, "ह्यांच्याशी आत्ताच ओळख करून ठेवा विहीणबाई, पुढं कामाला येतील." आणि आपण दोघी हसायचो. मी पण हसले होते.

हिवाळ्यात इथे मैदानं गोठतात, खेळ बंद. आपलेही व्हिसे संपले. तुम्ही कोल्हापूरला, मी नाशकात. त्या महिन्यांत तुमचा फोन आला की माझी सून विचारायची, "विहीणबाईंचा? काय विशेष?" मी म्हणायची, "सहज." आणि तुम्ही तिकडून विचारायचात, "टोळाचा पाय बरा झाला असंल न्हवं?" जशी काही मला नाशकात बसून खबर येणार. तरी बोलायचो. टोळाला मधे खेळवावं का कडेनं, वकिलाची कॅप्टनकी काढावी का, परीक्षा आल्या की अर्धी टीम पुस्तकात जाते त्याला काय करावं. मला वैधव्य येऊन दहा वर्षं झाली, विहीणबाई. कोणी मला विचारावं, तुम्हाला काय वाटतं, आणि मी काही सांगावं आणि त्यावर समोरच्यानं भांडावं, हे त्या दहा वर्षांत नव्हतं झालं. ते तुम्ही दिलंत. हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही.

उलट काय म्हटलं ते आता लिहिते.

मार्चमध्ये दोघी परत आलो. तुम्ही दमलेल्या दिसत होतात, चढावर गाडी ढकलायचं मी घेतलं. टीमचं काही खरं नव्हतं. त्यांच्या लीगमध्ये आसपासची कॉलेजं आणि कारखान्यांच्या हौशी टीमा, तळाला राहील तिनं खालच्या लीगमध्ये उतरायचं. आपण तळाच्या काठावर. त्यात ती शेवटून दुसरी मॅच. शून्य-शून्य चाललेलं, आणि समोरचा पोरगा चेंडू घेऊन एकटा आला, तसा गजानन गोल सोडून धावत बाहेर आला. त्या पोरानं अलगद त्याच्या डोक्यावरून चेंडू घातला. मोकळा गोल. हरलो.

मला इतका राग आला होता. का आला होता, देव जाणे, कोण ती पोरं. मी म्हटलं, "तुमच्या गजाननाला आता देव्हाऱ्यात बसवा. गोलात नको."

तुम्ही गाडी ढकलत होतात. शांतपणे म्हणालात, "आला म्हणून एकच झाला विहीणबाई. असा येत नसता तर आधीच तीन झाले असते. मागं राखणारे दोन्ही बॅक कुठं होते बघितलासा का? तुम्हाला तो बाहेर आलेला दिसतो. का आला ते दिसत न्हाई."

तेव्हा गप्प बसायचं ना मी. पण मला ते शिकवणं झोंबलं. इतकी वर्षं मुलीची आई म्हणून मान खाली घातलेली, ती त्या एका क्षणी वर आली, आणि कुठे वर यावी? मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे कधी चेंडूला पाय लावलाय? गच्चीवरून बघून शिकलेल्या तुम्ही."

गाडीची मूठ मला दिलीत आणि पुढे चालू लागलात.

नंतर आपण पुन्हा विहिणी झालो. "चहा घेता?" "घेते की." "साखर पुरे?" "पुरे पुरे." बाथरूमच्या दाराशी पुन्हा तुम्ही आधी, तुम्ही आधी. रुसव्यात निदान आवाज असतो हो, या मानापानात काहीच नव्हतं. मला वाटत होतं, शनिवार येईल, शेवटची मॅच आहे, बाकावर बसू, भडंगाची पुडी मधे ठेवू आणि होईल सगळं सरळ. माझं सगळं त्या शनिवारावर टाकलेलं होतं.

शनिवारच्या आधीच तुम्ही गेलात. सकाळी चहाला उठला नाहीत म्हणून मीनलनं दार वाजवलं. इतकंच. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते प्रसादरावांचं आहे. कोल्हापूरच्या गुरुजींनी फोनवरून दिवस मोजून दिले. तुमच्या जाण्यानं की पावसानं कोण जाणे, ती मॅचही एक आठवडा पुढे ढकलली गेली होती. मैदानात पाणी साचलं होतं म्हणे. म्हणजे ती आली थेट तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी.

सुतक तुमच्या घराला होतं. मी मुलीची आई, सोयरी. मला सुतक नाही. म्हणून बाहेरची कामं माझ्याकडे होती. रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे पिंडाच्या भातासाठी दही शनिवारीच आणायला हवं होतं. मीच म्हटलं, मी जाते. विहीणबाई, दह्याचं दुकान स्टेशनाजवळ आहे आणि मैदान नदीकडे. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. शास्त्रानं मला मोकळं ठेवलं होतं, पण शास्त्राला काय ठाऊक मी कुठे जाणार आहे. हातात दह्याचे डबे घेऊन मी कुंपणाच्या झाडीआड उभी राहिले. बाकावर गेले नाही. तेवढी तरी लाज राखली असं म्हणत होते मनात, पण ती लाज होती की कोणी बघू नये ही काळजी?

हेर कोल्बनी बघितलंच. हसत हसत आले आणि बाकाकडे हात करून काहीतरी विचारलं. शब्द मला एकच कळला, फ्रॉयंडिन. मैत्रीण. तुमची मैत्रीण कुठे?

सात वर्षं तुम्ही माझ्या कोण, तर विहीण. त्या माणसाला एका नजरेत जे कळलं त्याला मी कधी ते नावही दिलं नव्हतं. आणि मी त्यांना काय सांगितलं माहीत आहे? मला येणाऱ्या चार जर्मन शब्दांतले दोन. "त्सु हाउजे." घरी आहे. ते "आखसो" म्हणाले, मान हलवली, अंगठा दाखवला आणि गेले. मी तुम्हाला घरी बसवून आले, विहीणबाई. मेलेल्या माणसाला खोटं जिवंत केलं, का, तर मॅच संपेपर्यंत कोणी माझ्याकडे दुःखी चेहऱ्यानं बघू नये.

पहिल्या अर्ध्यात समोरच्यांनी गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात टोळानं फेडला, कडेनंच आला, तुम्ही म्हणायचात तसा. हरायचं नव्हतं, बरोबरी पुरेशी होती. शेवटी शेवटी आपली सगळी पोरं पुढे गेली, वकीलसुद्धा, काय गरज होती त्याला! चेंडू सुटला. त्यांचा एक पोरगा एकटा, आपल्या गोलाकडे निघाला. आणि तेव्हा मी बघितलं, विहीणबाई. त्या पोराकडे नाही बघितलं, बॅक कुठे आहेत ते बघितलं. एक मधल्या रेषेपाशी, दुसरा पाय धरून खाली बसलेला. मागे कोणी म्हणजे कोणी नाही. गजानन गोलात उभा राहिला असता तर त्या पोराला आख्खा गोल मोकळा होता.

मी झाडीतून ओरडले. "बाहेर ये! बाहेर ये रे गजानन!"

आला. पोट घेऊन काय धावला तो. रेषेच्या बाहेर येऊन आडवा पडला आणि चेंडू पायानं नदीकडे उडवून दिला. मी नाचले. दह्याचा एक डबा हातातून पडून फुटला. दहा दिवस झाले नव्हते तुम्हाला जाऊन, तुमच्या मुलाच्या घरात दिवा जळत होता, आणि तुमच्या पिंडाचं दही पायांवर सांडून मी हसत होते. मग शिट्टी झाली आणि मला ऐकू आलं की मी किती मोठ्यानं हसते आहे.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी गेलो. मैदानाच्या जरा वरच्या बाजूला, जिथे पायऱ्या आहेत. प्रसादरावांनी पिंड ठेवला, वर उरलेलं दही घातलं. गुरुजी फोनवर, तुमचे भाऊ फोनवर, मोबाइल दगडावर उभा करून ठेवलेला. कारखान्यातले दोघे मराठी मित्र, त्यांच्या बायका. कावळे होते. समोरच्या झाडावर चांगले पाच-सहा. पण येईनात.

तुम्ही विनोद केला होतात ना, पुढं कामाला येतील म्हणून. तेच कावळे हो! पायाशी येऊन भडंग खाणारे. झाडावरून आमच्याकडे मान वाकडी करून बघत होते.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कोणीतरी."

प्रसादराव म्हणाले, "आई, मुलांना मराठी बोलायला लावू. दर वर्षी कोल्हापूरला नेऊ." कावळा हलला नाही. मीनल म्हणाली, "तुमची पूजा, तुमचे देव, मी सगळं करीन." तुमचे भाऊ तिकडून म्हणाले, "आक्का, घराकडचं सगळं मी बघतो, काळजी करू नगंस." झाडावर सगळं शांत. उन्हं चढली. एकाच्या बायकोनं हळूच घड्याळ बघितलं.

मग प्रसादराव माझ्याकडे वळले. तुमच्या कोल्हापूरच्या रीतीनं ते मला मामी म्हणतात. "मामी, आई तुमच्याशीच जास्त बोलायची. काही राहिलंय का, तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. त्या घाटावर एकटीला मलाच माहीत होतं, असं मला वाटत होतं. मॅच काय झाली आणि गजानन बाहेर का येतो. पहिलं सांगायचं म्हणजे आदल्या दिवशी मी कुठे होते ते सांगावं लागणार. दुसरं सांगायचं म्हणजे मुलीच्या आईनं विहिणीला घालूनपाडून बोलून तसंच जाऊ दिलं, हे तिच्या मुलाला सांगावं लागणार. गुरुजी फोनवर. चार लोक उभे. आईच्या दहाव्याला फुटबॉल? लोक म्हणतील, बाईला काही पाचपोच आहे की नाही. आणि मुलीकडची मी, मुलाकडच्यांच्या आधी इच्छा सांगणारी कोण?

मी म्हटलं, "नाही हो. तृप्त होत्या त्या."

गुरुजींनी थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाले, दर्भाचा कावळा करा. इथे दर्भ कुठला, नदीकाठचं लांब गवत तोडलं. प्रसादरावांनी त्याची गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला शिववला. झालं. शास्त्रात बसतं ते. सगळे हुश्श करून गाड्यांकडे निघाले. मी मागे वळून बघितलं तर गवताचा कावळा पिंडावर आडवा पडला होता, आणि खरे कावळे झाडावरच होते.

तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. मी भांडी घासत होते, प्रसादराव पुसून वर ठेवत होते. इथे जावई भांडी पुसतात, मला अजून सवय झालेली नाही. आणि मी म्हटलं. भांड्याकडे बघतच म्हटलं, कारण त्यांच्याकडे बघून नसतं झालं. "प्रसादराव, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माहीत होतं काय राहिलं होतं."

सगळं सांगितलं. झाडीतलं, दह्याचं, गच्चीचं.

त्यांनी पुढचं ताट हातात घेतलं. मग म्हणाले, "काय झालं मॅचचं?"

"एक-एक."

"गजानन होता?"

मी वर बघितलं. तुमच्या मुलाला गजानन माहीत होता!

"दर शनिवारी जेवताना आई मला आख्खी मॅच सांगायची, मामी. तुम्ही बाळाला झोपवत असायचात तेव्हा." मग त्यांनी ते ताट दोनदा पुसलं. "मलाही माहीत होतं त्या दिवशी. घाटावर. मला वाटलं तुम्ही म्हणाल. मला गुरुजींसमोर, मामासमोर... आईचं शेवटचं काही असेल तर ते फुटबॉल, हे मला बोलवेना. लाज वाटली. म्हणून तुमच्यावर ढकललं."

दोघंही उभे होतो आम्ही घाटावर, विहीणबाई, तुमच्या माणसांतले तुम्हाला खरं ओळखणारे दोघंच, आणि दोघंही गवत तोडत बसलो.

मग मी विचारलं, ते गच्चीचं मी बोलले, त्यावर काही म्हणाल्या होत्या का.

"म्हणाली होती. म्हणाली, तुझ्या मामीला अजून गोलकीपर कळत न्हाई, पुढच्या सीझनला शिकवते."

"रागावल्या नव्हत्या?"

"रागावली होती की. पण मामी, ते गच्चीवरून वगैरे खरं नाही हो. म्हणजे मॅच गच्चीवरून बघायची. पण मामाला गोलकीपर आईनंच केला. पहाटे परसात त्याला भिंतीशी उभा करायची आणि चेंडू मारायची. मामा सांगतो ना, आक्काची किक पोटात बसली की दिवसभर दूध उतरत नव्हतं. बाहेर ये, बाहेर ये, असं ओरडायची म्हणे. घरात उभा राहून कोण वाचलंय, म्हणायची."

म्हणजे तुम्हाला उत्तर देता येत होतं. एका वाक्यात माझं तोंड बंद करता येत होतं, आणि तुम्ही गाडीची मूठ माझ्या हातात देऊन पुढे गेलात. का हो? विहिणीचा मान म्हणून? मान ठेवायचा तर मी ठेवायचा होता, तो तुमचा होता. की पुढच्या सीझनला परसातलं सगळं नीट सांगायचं ठरवलं होतंत? मला हे कधीच कळणार नाही. तुम्ही मला माफ केलंत, असं प्रसादराव म्हणतात. केलं असेल. तुमची माफी मोठी आहे, पण माझी लाज तिच्यात मावत नाही, बाहेर उरतेच.

परवा दोघं मैदानावर गेलो. सीझन संपला. जाळ्या काढून ठेवल्या आहेत, नुसते खांब. हेर कोल्ब गवत कापत होते, त्यांनी मशीन बंद केलं आणि हात उंचावला. मी त्यांच्यापाशी गेले. प्रसादरावांना म्हटलं, तुम्ही बोलू नका, मला सांगू द्या. शब्द मी घरून पाठ करून आले होते. माइने फ्रॉयंडिन इस्ट टोट. माझी मैत्रीण गेली. त्यांनी टोपी काढली. मग बाकाच्या तुमच्या बाजूला जाऊन जरा उभे राहिले आणि पुन्हा मशीनकडे गेले.

पुढच्या सीझनचं विचारलं, ते प्रसादरावांनी समजावून दिलं. ऐका. वकिलाचं शिक्षण संपलं, तो गेला, बरं झालं. टोळ आहे अजून एक वर्ष. मधली फळी आख्खी नवी येणार, कशी असेल कोण जाणे. गजाननाचीही परीक्षा झाली, त्याला कारखान्यात नोकरी लागली आहे. तो यापुढे नसणार. गोलात नवं पोरगं उभं राहील, आणि ते भिणार, बाहेर यायला बघणार नाही. त्याला कोणीतरी ओरडून सांगावं लागेल. सप्टेंबरात व्हिसा मिळाला तर मी येईन. माझा आवाज तुमच्याएवढा नाही, पण मी पोटातून काढीन.

मग मी बाकाशी उभं राहून तुमच्या मुलाच्या देखत मोठ्यानं म्हटलं, विहीणबाई, एक-एक. तुम्ही बरोबर होतात. त्याच्यामागे कोणी नव्हतं, म्हणून तो बाहेर आला.

कावळे होते मैदानात. कापलेल्या गवतात किडे टिपत गोलाच्या खांबांमधून इकडून तिकडे हिंडत होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी काही ठेवलं नव्हतं त्यांच्यासाठी. नुसतं तुम्हाला सांगायला आले होते.